लेखनाधिकार आणि भाषा : मुक्त आज्ञावलींच्या एका नियमाची चिकित्सा

ग्रंथ कोणी वाचावा, याविषयीचे निर्बंध आपल्या वाङ्मयीन परंपरेत पुष्कळ सापडतात. ग्रंथात कोणी लिहावे, याविषयीचे स्पष्ट निर्बंध मात्र विरळ आहेत. महानुभावांनी सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या योजून आपल्या ग्रंथांच्या वाचनालाच कुलूप घातले. एकनाथांनी याच्या उलट केले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पाठांतरांनी गढूळ झालेल्या ज्ञानेश्वरीचे त्यांनी शोधन केले, ग्रंथ लोकांच्या हाती दिला, आणि यापुढे त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे अखेरीस निक्षून बजावले. वाचावयास सर्वांना मुभा, उतरून घ्यावयासही मुभा. मूळ प्रतीत भर घालावयास मात्र मज्जाव, अशी ही व्यवस्था होय. संगणकक्षेत्रात ज्यांस ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात, त्यांची घडण पाहू जाता नेमकी हीच व्यवस्था तेथे आढळते. फरक एवढाच की, तेथे मज्जाव कायमचा नसतो. तो कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या अटींवर उठवावयाचा याचे नियम असतात. या नियमांचा मराठी भाषेवर काय परिणाम झाला आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाभ्यासकाने या विषयात का पडावे, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

‘मुक्त’ या विशेषणाने पुष्कळांची फसगत होते. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारले असता, मुक्त आज्ञावली म्हणजे जिच्यात कोणीही बदल करू शकतो ती, असे उत्तर बहुधा मिळते. ते अर्धेच खरे आहे. मुक्त परवाना वाचकाला चार गोष्टी देतो : आज्ञावली वापरणे, तिचा कोड वाचणे, तिची प्रत करणे व देणे, आणि आपल्या प्रतीत हवा तो बदल करून ती बदललेली प्रत प्रसृत करणे. मूळ भांडारात, ज्यास व्यवहारात रेपॉझिटरी म्हणतात, लिहिण्याचा अधिकार कोणताही परवाना कोणालाही देत नाही. तो अधिकार त्या भांडाराच्या धन्यांकडे असतो आणि ते तो आपल्या मर्जीने वा आपल्या नियमाने वाटतात. बाहेरच्या माणसाने केलेली दुरुस्ती म्हणजे केवळ एक सूचना होय. ज्याला अधिकार आहे त्याने ती तपासून भांडारात दाखल केली, म्हणजे तिची ‘कमिट’ झाली, की मगच ती संहितेचा भाग बनते. ज्याला हे मान्य नसेल त्याने आपली वेगळी प्रत काढून वेगळा संसार थाटावा. यालाच फोर्क म्हणतात, आणि पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती एक नवी शाखा असते. १९०९ साली राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी एकनाथी परंपरेशेजारी उभी राहिली, तशीच ही शाखा मूळ भांडाराशेजारी उभी राहते.

हा अधिकार वाटण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. लिनक्सच्या गाभ्यात शेवटचा हात मूळ कर्त्याचा, लिनस टोरवाल्ड्स यांचा आहे. त्यांच्याखाली एकेका विभागाचे सांभाळणारे आणि त्यांच्याखाली सूचना पाठविणारे, अशी ती उतरंड आहे. अपाची या संस्थेत काही काळ चांगले काम केलेल्यास आधीचे सभासद मत देऊन लेखनाधिकार देतात. डेबियनमध्ये उमेदवारास ओळख पटवावी लागते, संस्थेची सामाजिक बांधिलकी मान्य करावी लागते आणि कौशल्याची चाचणी द्यावी लागते. या सर्वांच्या मुळाशी एकच समजूत आहे. लेखनाधिकार हा हक्क नव्हे, तो विश्वास आहे, आणि विश्वास कामाने कमवावयाचा असतो.

ही समजूत सुंदर आहे. पण तिच्यातील भेग मार्च २०२४ मध्ये जगाला दिसली. माहिती दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची छोटी आज्ञावली जवळजवळ प्रत्येक लिनक्स-प्रणालीत असते. ती अनेक वर्षे एकच माणूस, विनामोबदला, सांभाळीत होता. २०२१ पासून ‘जिया टान’ या नावाने कोणी तिला मदत करू लागले. दुरुस्त्या चांगल्या होत्या. इकडे काही अपरिचित नावे मूळ सांभाळणाऱ्यास, तू मंद आहेस, दुसऱ्याला अधिकार दे, असा तगादा लावीत होती. थकलेल्या माणसाने अधिकार दिला. दोन वर्षांच्या सचोटीनंतर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच हाताने चोरवाट घातली. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्याशा कुतूहलाने एका अभियंत्याने शोध घेतला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ती उघडकीस आली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, कोणताही नियम मोडला गेला नव्हता. विश्वास कामाने कमवावयाचा, हा नियम अक्षरशः पाळला गेला होता. जे नव्हते ते दुसऱ्या तपासणाऱ्याचे डोळे. शिवाय त्या चोरवाटेचा कळीचा तुकडा उघड्या भांडारात नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो होता. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. मूळ पोथी शुद्ध आणि बाजारातील प्रत भ्रष्ट, हा प्रकार जुनाच आहे.

भांडार ज्या इमारतीत राहते तिचेही नियम असतात, आणि ते लिहिणाऱ्याच्या हाती नसतात. पुण्यातील अभियंत्यांनी वाढविलेल्या ‘लोहित’ या टंकमालेचे उदाहरण घ्यावे. रेड हॅट कंपनीने २००४ साली ती जीपीएल परवान्याखाली खुली केली; २०११ मध्ये तिचा परवाना बदलून टंकांना अधिक सोयीचा ओएफएल करण्यात आला. तिचे भांडार फेडोरा प्रकल्पाच्या जागेत होते. ती जागा २०१७ च्या प्रारंभी बंद झाली आणि भांडाराला पागुर या दुसऱ्या जागी बिऱ्हाड हलवावे लागले. गूगलने चालविलेली अशीच जागा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. आज बहुतेकांचे बिऱ्हाड ज्या गिटहबवर आहे, ती कंपनी २०१८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांची खाती तिने मर्यादित केली. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने जी ३२ संकेतस्थळे अडविली गेली, त्यांत गिटहबवरील पानांचा समावेश होता. बिऱ्हाड हलविताना कोड सुरक्षित राहतो, कारण गिट या साधनाच्या रचनेत प्रत्येक प्रतीबरोबर संपूर्ण इतिहास जातो. मागे राहतात त्या चर्चा. अमुक बदल का केला, कोणी हरकत घेतली, कोणी उत्तर दिले, हे सारे जागेच्या मालकीचे असते. भाषेच्या इतिहासकाराला नेमके तेच हवे असते.

आतापर्यंत जे सांगितले ते कोडाविषयी. मुख्य मुद्दा येथून पुढे आहे. लेखनाधिकाराचे हे सर्व नियम कोड नावाच्या वस्तूसाठी घडले आहेत. परंतु त्याच भांडारात, त्याच नियमांखाली, दुसरी एक वस्तू राहते, ती म्हणजे भाषा. पडद्यावर उमटणारी प्रत्येक सूचना, प्रत्येक बटणावरील शब्द आणि प्रत्येक चुकीचा इशारा ही वाक्ये भाषांतर-धारिकांत साठविलेली असतात. इंग्रजी वाक्यासमोर मराठी वाक्य. या दोन वस्तूंची चूक एकाच जातीची नाही. कोडातील चूक बहुधा स्वतः ओरडते, आज्ञावली चालत नाही, चाचणी फसते. शब्दातील चूक ओरडत नाही. चुकीचा मराठी शब्द बटणावर दहा वर्षे निमूटपणे बसून राहतो. ते बटण दाबले की काम होतेच. वापरणारा एकदा भुवया उंचावतो आणि इंग्रजी पडदा निवडून मोकळा होतो. तक्रार करावयाची असते आणि ती कोठे करावयाची असते, हेच त्याला ठाऊक नसते.

संगणकावरील मराठीवर आजवर जी टीका झाली आहे ती बहुतेक शब्दांवर झाली आहे. ‘फाईल’ रूढ असता ‘धारिका’ किंवा ‘संचिका’ कशाला, ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ बरे की ‘साठवा’, असे वाद रंगतात. त्यांत अर्थ नाही असे नव्हे. २००८ साली सुरू झालेल्या फ्युएल या प्रकल्पाने पडद्यावर वारंवार येणाऱ्या सुमारे पावणेसहाशे नोंदींची यादी निश्चित करून निरनिराळ्या भारतीय भाषांत, मराठीतही, एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला तो स्तुत्यच होय. परंतु माझ्या मते दुखणे शब्दांत नाही. ते वाक्यात आहे, आणि वाक्याचे दुखणे थेट लेखनाधिकाराच्या नियमातून उद्भवते.

ते कसे, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. आज्ञावली लिहिणारा इंग्रजीत एक साचा लिहितो आणि त्यात एक रिकामी जागा ठेवतो. त्या जागी गावाचे वा माणसाचे नाव यंत्र आयत्या वेळी भरते. इंग्रजीत नावाला काही होत नाही, त्यामुळे साचा निर्वेध चालतो. मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : पुणे, पण पुण्यात, सातारा, पण साताऱ्यास, नागपूर, पण नागपुराहून. यंत्र मात्र नाव जसेच्या तसे भरते आणि पुढे अनुवादकाने दिलेला तुकडा चिकटवते. पडद्यावर उमटते ते ‘पुणे मध्ये’ आणि ‘सातारा पासून’. क्रियापदाची गोष्ट याहून बिकट आहे. अमुक व्यक्ती गटात सामील झाली, हे सांगावयाचे तर मराठीला लिंग ठाऊक असावे लागते. ‘झाला’, ‘झाली’ की ‘झाले’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. यंत्राला लिंग ठाऊक नसते. मग अनुवादक काय करतो? तो क्रियापद टाळतो. ‘सामील होण्याची क्रिया यशस्वी’, ‘धारिका काढून टाकण्यात अपयश’, ‘बदल जतन केल्याची नोंद’, अशी नामांनी ठासून भरलेली, कर्ता नसलेली वाक्ये तो रचतो. आपण त्यांना सरकारी मराठी म्हणून हसतो. वस्तुतः ती अनुवादकाची हौस नव्हे. ती त्याची पळवाट आहे. लिंगवचनाच्या कचाट्यातून सुटण्याचा, त्याच्या अधिकाराच्या मर्यादेत, तोच एक मार्ग असतो.

कारण त्याच्या अधिकाराची मर्यादा भाषांतर-धारिकेच्या काठाशी संपते. साच्यातील रिकाम्या जागेभोवतीची रचना कोडात आहे, आणि कोडावर त्याचा लेखनाधिकार नाही. वाक्य बदलावयाचे तर कोड लिहिणाऱ्याला विनंती करावी लागते. आणि ज्याला सामान्यरूप म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला ते समजावून सांगावे लागते. म्हणजे मराठी अनुवादकाला शब्दावर अधिकार दिलेला आहे, वाक्यावर नाही. ज्या भाषेत शब्दाचे रूप वाक्य ठरविते, त्या भाषेत ही विभागणी मुळातच चुकीची होय. ती कोणी दुष्टपणाने केलेली नाही. शब्द आणि वाक्य यांची फारकत इंग्रजीत खपून जाते, एवढ्यावर ती आपोआप झाली आहे.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. अनेकवचनासाठी गेटटेक्स्ट या जुन्या साधनात भाषेगणिक नियम देण्याची सोय आहे. मिडियाविकी या आज्ञावलीत, ज्या सदस्याने आपले लिंग नोंदविले असेल त्याच्यापुरते ‘झाला’ की ‘झाली’ हे अनुवादकाला ठरविता येते. मोझिलाने २०१९ साली ज्याची १.० आवृत्ती काढली त्या फ्लुएंट या पद्धतीत तर विचारच उलटा केला आहे : इंग्रजी वाक्य एकच असले तरी अनुवादकाने आपल्या भाषेत लिंग, वचन, विभक्ती यांनुसार हवे तितके पर्याय लिहावेत, कोड लिहिणाऱ्यास त्याची वार्ताही असू नये. हे नुसते तांत्रिक सोयीचे प्रकरण नव्हे. कोडाकडून भाषेकडे झालेले ते अधिकाराचे हस्तांतर आहे, आणि कोणाच्याही नावापुढे नवा हुद्दा न लावता ते घडले आहे. आज्ञावलीला आधीपासून ठाऊक असलेल्या नावांची रूपे यामुळे अनुवादक देऊ शकतो. वापरणाऱ्याने आयत्या वेळी भरलेल्या गावाचे सामान्यरूप कोणी सांगावयाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. तो सुटावयाचा तर मराठी रूपविचाराचे नियम यंत्राला शिकवावे लागतील. हे काम कोणत्या विभागाचे, हे येथे सांगण्याची गरज नसावी.

संदर्भाच्या अभावाविषयी थोडक्यात. धारिकेत ‘ओपन’ एवढाच शब्द येतो. तो आज्ञार्थ आहे की विशेषण, हे कळत नाही. गंमत अशी की, येथे मराठीने अनुवादकाला वाचविले आहे : ‘उघडा’ हे आदरार्थी आज्ञार्थही आहे आणि पुल्लिंगी विशेषणही. ‘क्लोज’ला असे भाग्य नाही. आज्ञार्थाचा प्रश्न मात्र अधिक खोल आहे. इंग्रजीत नुसता धातू पुरतो. मराठीला ‘कर’, ‘करा’, ‘करावे’, ‘करणे’ यांतून निवड करावी लागते, म्हणजे माणूस आणि यंत्र यांचे नाते काय, ते ठरवावे लागते. माणूस यंत्राला हुकूम देतो आहे, की यंत्र माणसाला विनंती करते आहे? आज सर्वत्र ‘करा’ दिसते. हा निर्णय झाला आहे, तो बहुतेकांना मान्यही आहे. पण तो कोणत्या सभेत झाला नाही. ज्याच्या हाती प्रारंभी लेखनाधिकार होता, त्याने पहिल्या धारिकेत जे लिहिले ते पुढच्याने गिरविले.

येथे दुसऱ्या डोळ्यांचा प्रश्न परत येतो. नियम कागदावर चोख आहेत. नोम या प्रकल्पाच्या भाषांतर-व्यवस्थेत अनुवादक, तपासनीस, दाखल करणारा आणि संयोजक अशा चार पायऱ्या आहेत. मोझिलाच्या व्यवस्थेत सामान्य सहभागी माणूस सूचना करतो आणि अधिकार असलेला ती मान्य करतो. मोठ्या भाषांत या पायऱ्यांवर निरनिराळी माणसे उभी असतात. लहान संघात, आणि बोलणारे कोट्यवधी असूनही संगणकाच्या बाबतीत मराठीचा संघ लहानच आहे, एकच माणूस चारही टोप्या घालतो. नियम पाळला जातो. नियमामागील हेतू मात्र हरवतो. पुण्यात अनेक वर्षे हे काम कंपनीच्या पगारावर नेमलेल्या भाषाकारांनी केले. त्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे, कारण ते झाले नसते तर पडद्यावर मराठी दिसलीच नसती. तथापि एका खुर्चीवर उभारलेली भाषा त्या खुर्चीबरोबर हलते. एक्सझेडच्या प्रकरणात रिकाम्या होऊ घातलेल्या खुर्चीवर डोळा ठेवून कोणी आला. मराठीच्या बाबतीत ती भीती कमी आहे. आपल्या खुर्चीवर कोणी डोळाही ठेवीत नाही.

कोणी काय लिहिले याची नोंदही कोडाला जशी मिळते तशी भाषेला मिळालेली नाही. गिटमध्ये प्रत्येक बदलावर दोन नावे असतात, लिहिणाऱ्याचे आणि दाखल करणाऱ्याचे. ती निराळी असू शकतात. पाठचिकित्सकाला कर्ता आणि लेखनिक यांच्यातील हा भेद पाहून आनंदच व्हावा. परंतु नोमने गिट स्वीकारले ते एप्रिल २००९ मध्ये. त्यापूर्वीच्या साधनांत दाखल करणाऱ्याचे नाव तेवढे उमटे, आणि भाषांतर-धारिकेच्या मथळ्यात तर आजही ‘शेवटचा अनुवादक’ एवढीच जागा असते. आपल्या पोथ्यांच्या पुष्पिकेतही शेवटच्या लेखकाचे नाव असते, त्याच्या आधी कोणाकोणाचे हात लागले ते नसते.

आता याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण घेऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे लेखनाधिकार प्रारंभापासून सर्वांना आहे. काही पाने सुरक्षित केलेली असतात, आणि ती सुरक्षित करण्याचा व सदस्यांस रोखण्याचा अधिकार प्रचालकांकडे असतो, एवढाच अपवाद. या खुलेपणाची किंमत मोठी आहे : खोडसाळपणा, शुद्धलेखनाची हेळसांड, व्यक्तिस्तुतीची पाने, आणि न संपणारे वाद. ती किंमत मी कमी लेखीत नाही. पण तेथील शब्द पाहा. सर्वांनी मिळून चर्चा करावयाच्या पानाला ‘चावडी’. मताला टाकावयाच्या प्रस्तावाला ‘कौल’. नवशिक्याने गिरवून पाहावयाच्या पानाला ‘धूळपाटी’. पुन्हापुन्हा वापरावयाच्या मजकुराला ‘साचा’. आणि सांगितलेले काम निमूटपणे, डोके न चालविता करणाऱ्या स्वयंचलित खात्याला ‘सांगकाम्या’. या शेवटच्या शब्दासाठी परिभाषा-मंडळाने दहा बैठका घेतल्या असत्या तरी तो सुचला असता की नाही, याची मला शंका आहे. हे शब्द कोणत्याही इंग्रजी शब्दाचे पर्याय नाहीत. ती वस्तू मराठी माणसाने आधी आपल्या गावात कोठे पाहिली होती, ते आठवून घडविलेले ते शब्द आहेत. भाषांतर-धारिकेत एकट्याने, संदर्भावाचून, ओळीमागून ओळ भरणाऱ्या माणसाला ते सुचणे कठीण होते. तो तेथे राहत नव्हता. विकिपीडियावर शब्द घडविणारे आणि ते वापरणारे एकाच आवारात वावरत होते, आणि शब्द पसंत न पडल्यास तसे लिहावयास शेजारीच चर्चेचे पान होते. म्हणून खुल्या लेखनाधिकाराने चांगली भाषा घडते, असा सिद्धांत मी मांडीत नाही. लिहिण्याच्या जागेशेजारी हरकतीची जागा असली तर घडते, एवढेच या उदाहरणावरून म्हणता येईल.

लेखनाधिकाराची सर्वांत अरुंद वाट लिपीच्या पायाशी आहे. युनिकोडच्या कोष्टकात कोणते अक्षर असावे याचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. निर्णय मात्र संघाच्या मतदार सभासदांचा, आणि एकदा दिलेला संकेत पुढे कधीही मागे घेतला जात नाही. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. पहिली आवृत्ती १९९१ ची. मधली सतरा वर्षे ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ हे हिंदी वळणाचे अक्षर तरी लिहावे लागे किंवा ‘अ’ला चंद्र जोडण्याची कसरत तरी करावी लागे, त्या काळातील मजकुरात हे सर्व प्रकार आजही मिसळलेले आहेत आणि शोध घेताना एकमेकांस सापडत नाहीत. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला तो त्यानंतर, ६ नोव्हेंबर २००९ रोजी. दर्या आणि दऱ्या या शब्दांतील भेद ज्या अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे त्याची कथाही मासलेवाईक आहे. तो आज ज्या ‘ऱ’ संकेतावरून साधला जातो, ते अक्षर कोष्टकात द्राविडी भाषांतील वर्त्स्य र लिहून दाखविण्यासाठी आहे. मराठीची सोय त्याच्या पदरी घातली आहे. सोय होते, हे खरे. पण मराठीच्या एका व्यवच्छेदक वर्णाची नोंद दुसऱ्या भाषांच्या लिप्यंतराच्या खात्यावर असावी, याचे कारण भाषिक नव्हे; निर्णयाच्या वेळी त्या टेबलाशी कोण बसले होते, हे आहे.

याच्या तुलनेत एक साधी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या परिसरातून मी हे लिहीत आहे त्याला आज सर्वजण कर्वेनगर म्हणतात. जुन्या कागदांत आणि जुन्या माणसांच्या तोंडी तो हिंगणे बुद्रुक आहे, ज्यातील ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुझुर्ग’चा मराठी अवतार. १९०० साली महर्षी कर्वे यांनी आपला आश्रम येथे आणला, आणि कालांतराने गावाने त्यांचे नाव घेतले. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात, जेथे नाव नोंदविलेला कोणीही लिहू शकतो, अशा ठिकाणासाठी एक जागा नसते. प्रचलित नाव, पर्यायी नाव, जुने नाव आणि निरनिराळ्या भाषांतील नावे यांसाठी वेगवेगळे रकाने असतात, आणि वाद झाल्यास प्रत्यक्ष जागेवर काय आढळते हा पुरावा मानला जातो. नकाशा काढणाऱ्यांना जे सुचले ते भाषांतर-धारिका घडविणाऱ्यांना सुचले नाही. तेथे इंग्रजी वाक्यासमोर एकच रिकामी ओळ असते. ती एकाने भरली की दुसऱ्याचा पर्याय इतिहासात गडप होतो.

या गावापासून फार दूर नसलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. स्वीकृत पाठ वर, आणि नाकारलेले पाठ, प्रतींच्या खुणांसह, खाली. संपादकाचा लेखनाधिकार निरपवाद होता. परंतु त्याने काय नाकारले हे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवण्याचे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले होते. वाचक त्याच्याशी असहमत होऊ शकत होता, आणि त्यासाठी लागणारी सर्व सामग्री त्याच पानावर होती. मुक्त आज्ञावलींच्या भाषांतर-धारिकेतही प्रत्येक नोंदीवर अनुवादकाने टीप लिहावी अशी सोय आहे. ओळीच्या प्रारंभी एक खूण केली की यंत्र ती ओळ वगळते आणि माणूस वाचतो. ती वापरणे न वापरणे लिहिणाऱ्याच्या इच्छेवर आहे. लेखनाधिकाराचे जे नियम वर पाहिले त्यांत कोठेही तिचा उल्लेख नाही.

ज्या प्रकल्पांची भांडारे आजही उघडी आहेत त्यांच्या मराठी धारिका, त्यांच्या संपूर्ण इतिहासासह, कोणालाही उतरून घेता येतात. ‘जतन करा’ हे शब्द कोणत्या वर्षी, कोणत्या धारिकेत प्रथम आले, मध्ये कोणी ते बदलले, पुन्हा केव्हा परतले, हे दिवस आणि घटका यांसह तेथे नोंदलेले आहे. मराठीच्या कोणत्याही शतकातील शब्दाचा असा जन्मवृत्तान्त आपल्याला उपलब्ध नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पाच प्रकल्पांतील शंभर शब्दांचा असा इतिहास जुळवावयाचा ठरविला, तर त्याला वाचनाधिकार पुरेसा आहे. त्याच धारिकांतील टीपेच्या ओळी भरावयाच्या झाल्यास मात्र त्याला सूचना पाठवून वाट पाहावी लागेल, आणि ती तपासणारे पलीकडे कोणी असावे लागेल.